दुसऱ्या गोळीआधीचं मिनिट

दादाचा मेसेज आला तेव्हा मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. पंधरा वर्षांपासून डॅलसजवळ राहतो, आता तिथलाच नागरिक आहे. मेसेजमध्ये दोन लिंका होत्या आणि खाली एक ओळ: "तू नेमबाजी शिकतेस ना, मग सांग बरं, पहिली रायफल कोणती घेऊ?"

पहिली लिंक सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे अर्धस्वयंचलित रायफलची. दुसरी त्याच .२२ बोअरची, पण एकेरी: एक गोळी हातानं भरायची, मारायची, बोल्ट मागं ओढून रिकामं काडतूस बाहेर काढायचं, मग पुढची भरायची. किमतीत फार फरक नव्हता. दादाला शिकार करायची नाही. घरात चोर येईल म्हणून हत्यार हवं, असंही नाही. शनिवारी सकाळी रेंजवर जायचं, कागदावर नेम धरायचा, जमलं तर अकरा वर्षांच्या मुलालाही शिकवायचं, एवढाच बेत.

उत्तर दोन मिनिटांत देता आलं असतं. मला तीन आठवडे लागले. ते कशात गेले, ते लिहिते आहे.

*

आधी थोडं यंत्राविषयी, कारण सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातली धडाधड चालणारी बंदूक येते. ती पूर्ण ऑटोमॅटिक. तिचा घोडा दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात. सेमी-ऑटोमध्ये घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते. फरक त्यानंतर पडतो. सुटलेल्या गोळीचाच जोर वापरून रायफल आपोआप बोल्ट मागं ढकलते, रिकामं काडतूस फेकून देते आणि मॅगझिनमधली पुढची गोळी नळीत बसवते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. म्हणजे तुमची पहिली गोळी कुठं लागली हे कळायच्या आधी दुसरी तयार असते.

अमेरिकेत अनेकांची पहिली रायफल अशीच असते. रूगर कंपनीची १०/२२ ही रायफल १९६४ पासून बाजारात आहे. दहा गोळ्यांचं मॅगझिन, धक्का जवळजवळ नाही, गोळ्या स्वस्त. तिथं वडील मुलाला सायकल शिकवावी तशी ती चालवायला शिकवतात.

आपल्याकडं हा प्रश्नच पडत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांनुसार अर्धस्वयंचलित रायफल सर्वसामान्य परवान्याच्या बाहेरच्या गटात येते. कलेक्टर कचेरीत अर्ज टाकून ती मिळत नाही. परवान्याशिवाय घेता येते ती ४.५ मिलिमीटर बोअरची, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल. मी शिकते ती हीच. स्पर्धेच्या एअर रायफलची ताकद साधारण साडेसात ज्यूल असते.

तेव्हा मी दादाला सहज म्हणू शकले असते, "आम्ही बघ, हवेच्या बंदुकीवर भागवतो." पण जे मला घेताच येत नाही, ते मी घेतलं नाही यात माझा चांगुलपणा कुठून आला? उपवासाच्या दिवशी घरात साबुदाण्याशिवाय काही नसेल तर उपवास पाळल्याचं पुण्य कुणाचं? कायद्यानं माझ्या वतीनं निवड केली होती. दादासमोर निवड खरी होती, आणि त्यानं ती माझ्याकडं सरकवली होती.

*

मी नेमबाजीकडं वळले ती ऑगस्ट २०२४ नंतर. १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. ४५१.४ गुण. रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला माणूस. ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही दहा-बारा जण एका फोनभोवती उभे राहून बघत होतो. त्याआधी बालेवाडीच्या रेंजवरून कितीदा तरी गेले असेन, आत काय चालतं याचा विचार केला नव्हता. त्या महिन्यात एका छोट्या क्लबमध्ये नाव घातलं.

पहिले काही आठवडे एकही छर्रा मिळाला नाही. रिकामी रायफल उचलायची, खांद्याला लावायची, श्वास सोडायचा, घोडा ओढायचा, आणि ओढल्यावरही दोन-तीन सेकंद तशीच नजर धरून ठेवायची. मग रायफल खाली. पुन्हा पहिल्यापासून. मला राग यायचा. रविवारी सकाळी सहाला उठून मी काहीच न मारता घरी जायची.

छर्रे मिळाले तेव्हा कळलं की कठीण काय आहे. दहा मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा स्वतः साडेचार मिलिमीटरचा. स्पर्धेत साठ नेम, पंचाहत्तर मिनिटं. म्हणजे एका नेमाला सव्वा मिनिट. त्या सव्वा मिनिटातलं प्रत्यक्ष नेम धरणं काही सेकंदांचं. बाकी वेळ काय करायचं? रायफल टेकवायची, नजर लक्ष्यावरून काढायची, छर्रा चिमटीत धरून नळीत ठेवायचा, पाय जागेवर आहेत का बघायचं, मागचा नेम विसरायचा. आमचे सर म्हणतात, नेमबाजी दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेत शिकायची असते.

आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियमही तसाच आहे. रायफलच्या स्पर्धांत फक्त एकेरी भरणीची रायफल चालते. प्रत्येक गोळी हातानं भरावी लागते. म्हणजे दादाची पहिली लिंक ऑलिंपिकच्या रायफल रेंजवर चाललीच नसती. हे वाचल्यावर मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं.

पण तेवढ्यावर थांबणं अप्रामाणिक झालं असतं. पिस्तुलाच्या २५ मीटर स्पर्धा अर्धस्वयंचलित पिस्तुलानं होतात. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये तर शेवटच्या फेरीत चार सेकंदांत पाच गोळ्या मारायच्या असतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. तिच्या हातातलं यंत्र पुढची गोळी आपोआप भरणारं होतं. तिला संयम नव्हता असं कोण म्हणेल? वेग आणि विवेक एकत्र नांदू शकत नाहीत हे म्हणणं खोटं आहे.

आणि एकेरी रायफल असली म्हणून चूक होत नाही, असंही नाही. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत शेवटच्या गोळीपर्यंत पुढं होता. शेवटची गोळी त्यानं शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर मारली. शून्य गुण, आठवा क्रमांक. चार वर्षांनी बीजिंगमध्ये पुन्हा तोच आघाडीवर, पुन्हा शेवटची गोळी. नेम खाली आणताना बोट घोड्याला वेळेआधी लागलं आणि ४.४ गुण आले. जगातल्या सर्वांत संथ, सर्वांत शिस्तीच्या खेळातला माणूस. यंत्रानं त्याला हवा तेवढा वेळ दिला होता.

मग संथ यंत्राचा उपयोग नेमका काय?

*

या प्रश्नाचं उत्तर मला माहूरमध्ये मिळालं. तेही फोनवर.

रविवारी बाबांशी बोलताना मी सहज दादाचा प्रश्न सांगितला. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आबांची बंदूक आठवते का तुला?"

आठवत होती. बैठकीच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवी असायची. ठासणीची. आमचं शेत पैनगंगेच्या बाजूला, जंगलाला लागून. रानडुकरं एका रात्रीत उभं पीक लोळवतात. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय शस्त्र कायद्यातच आहे, आणि आबांकडं तो होता. निवडणूक आली की गावातल्या सगळ्या परवान्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा व्हायच्या, निकाल लागला की परत यायच्या. मी लहान असताना अशाच एका निवडणुकीला आमची गेली आणि परत आलीच नाही. आजीनं विचारलं, "काहून आणली न्हाई?" आबा म्हणाले, "राहू दे तिथंच." त्यांनी परवान्याचं नूतनीकरणही केलं नाही. मला वाटायचं, म्हातारपणी कुठं हेलपाटे घाला, म्हणून.

बाबांनी सांगितलं ते हे.

१९८९ सालची गोष्ट. हिवाळा, ज्वारी निसवलेली. आबा जागलीला गेले होते. मध्यरात्रीनंतर ताटांत खसखस झाली. आदल्याच रात्री डुकरांनी अर्धा एकर झोपवला होता, त्यामुळं आबा तापलेलेच होते. त्यांनी आवाजाच्या दिशेनं बार काढला. खसखस थांबली, मग पुन्हा झाली, थोडी पुढं. नेम चुकला होता.

आबांना दुसरा बार काढायचा होता. पण ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार म्हणजे पहिल्यापासून सगळं. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, ती गजानं ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, पुन्हा ठासायचं, मग टोपी बसवायची. अंधारात सरावाच्या हातालाही मिनिटभर लागतं. आबा गज मारत होते, खलबत्त्यात विडा कुटल्यासारखा ठकठक आवाज चालला होता. त्या आवाजात ज्वारीतून कुणीतरी खोकलं.

"कोण हाय?"

"आबा, म्या हाय."

शेजारच्या शेतातला गडी होता. गडावरून उशिरा निघालेला, अंधारात बांध सोडून आमच्या ज्वारीतून जवळच्या वाटेनं चाललेला. पहिला बार झाला तेव्हा घाबरून खाली बसला होता. मग वाटलं आता निसटावं, म्हणून वाकून पुढं सरकला. तीच दुसरी खसखस.

आबांनी ती बंदूक नंतर कधीही भरली नाही. कुणाला काही सांगितलं नाही; बाबांनाही शेवटच्या आजारपणात सांगितलं. आणि बाबांनी मला त्या माणसाचं नाव सांगितलं तेव्हा मी फोन कानाला तसाच धरून खाली बसले. त्यांची धाकटी मुलगी माझ्या वर्गात होती. पाचवी ते दहावी आम्ही एका बाकावर बसायचो. आम्ही दोघी जन्मलो १९८९ नंतर.

*

त्या रात्री आबा वाईट वागले का?

पहिली गोळी त्यांनी न बघता मारली. ती चुकली हे त्यांचं कर्तृत्व नव्हे. ती लागली असती तर आमचं घर वेगळं झालं असतं, तिचं घर वेगळं झालं असतं, आणि गावानं आबांना वेगळ्या नावानं ओळखलं असतं. माणूस तोच, राग तोच, निर्णय तोच. फरक वितभराचा. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये या कोड्यावर एकाच नावाचे निबंध मांडले, 'मोरल लक', म्हणजे नैतिक नशीब. नेगलचं एक उदाहरण असं: दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची गाडी फुटपाथवर चढते. तिथं कुणी नसेल तर तो फक्त बेदरकार. कुणी असेल तर तो एका माणसाच्या मृत्यूचा धनी. ज्यावर आपला ताबा नाही त्याच्यासाठी माणसाला दोषी धरू नये असं आपण मानतो, आणि रोज नेमकं तेच करतो.

पहिल्या गोळीपुरतं हे कोडं मला सुटलेलं नाही. पण दुसरी गोळी वेगळी होती. ती नशिबानं चुकली नाही. ती मारलीच गेली नाही, कारण बंदूक संथ होती. आबांच्या हातात दहा गोळ्यांचं मॅगझिन असतं तर त्या रात्री त्यांनी दुसरी नक्की मारली असती, आणि खसखस कुठून येते ते त्यांना आता चांगलं कळलं होतं. हे मी आबांवर प्रेम असूनही लिहिते आहे.

संथ यंत्रानं आबांना शहाणं केलं नाही. त्यानं फक्त एक मिनिट अडवलं, आणि त्या मिनिटात जग आत शिरलं. एक खोकला आला.

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट आहे. द्रोणाचार्य विचारतात, काय दिसतं? युधिष्ठिर म्हणतो, झाड दिसतं, पक्षी दिसतो, तुम्ही दिसता, भाऊ दिसतात. द्रोण त्याला बाजूला करतात. अर्जुन म्हणतो, फक्त डोळा दिसतो. शाबास! क्लासच्या जाहिरातींपासून कंपनीच्या ट्रेनिंगपर्यंत ही गोष्ट आपल्याला पाजली जाते. पण रेंजवर पहिल्या दिवशी जे सुरक्षेचे नियम शिकवतात, त्यांतला एक बरोबर उलट आहे: लक्ष्य काय आहे ते ओळख, आणि त्याच्या मागं, आजूबाजूला काय आहे तेही ओळख. त्या परीक्षेत युधिष्ठिर पास झाला असता. डुक्कर सोडून दुसरं काही न दिसणं, हीच तर आबांची त्या रात्रीची चूक होती.

मला वाटतं नेम धरणाऱ्याला दोन्ही व्हावं लागतं. घोडा ओढताना अर्जुन, आणि दोन गोळ्यांच्या मध्ये युधिष्ठिर. सेमी-ऑटो रायफल अर्जुनाला काही कमी करत नाही. ती युधिष्ठिराची वेळ कमी करते.

*

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. आबा त्याचेही आजोबा. भिंतीवरची बंदूक त्यालाही आठवत होती, गोष्ट माहीत नव्हती. तो बराच वेळ बोलला नाही. पण दादा वकिली डोक्याचा माणूस आहे, भावूक होऊन हार मानणारा नाही.

तो म्हणाला, "थांबायचं माणसानं असतं गं, मशिननं नाही. आणि आपल्याकडच्या कायद्याचं कौतुक नको. १८७८ चा शस्त्र कायदा इंग्रजांनी आपल्या काळजीपोटी केला का? त्यातून गोरे वगळले होते. आजीच्या रझाकारांच्या गोष्टी आठव. ज्यांच्याकडं बंदुका होत्या ते आले, ज्यांच्याकडं नव्हत्या ते नदी ओलांडून पळाले. तेव्हा कुणाला विचारलं असतंस का, एकेरी पाहिजे की सेमी-ऑटो?"

याला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. सप्टेंबर १९४८ आधीच्या मराठवाड्यातल्या बाईला निःशस्त्र असण्याची महती मी पुण्यात बसून शिकवू शकत नाही. पण दादाचा प्रश्न रझाकारांचा नव्हता. तो शनिवारच्या सकाळचा होता. संकटासाठीचं हत्यार आणि सरावासाठीचं साधन यांचे निकष एक नसतात. एकाची भीती दाखवून दुसऱ्याची खरेदी करणं ही दुकानदाराची युक्ती आहे.

त्याचा पहिला मुद्दा जास्त वजनाचा होता. थांबायचं माणसानं असतं. आम्ही माहूरची माणसं, हे तर आम्हाला चांगलं ठाऊक हवं. वडिलांच्या आज्ञेवरून आईचं, रेणुकेचं, मस्तक उडवणाऱ्या परशुरामाची कथा आमच्या गडाच्या पायऱ्यांवर राहते. त्याच्या हातात परशू होता. त्याहून संथ हत्यार कुठलं? महाभारतात तर आधीच्या चार भावांनी नकार दिला, आणि शाप त्यांनाच मिळाला. परशुराम थांबला नाही. त्याला मागून वर मिळाला, आई परत मिळाली, झालेलं कुणाला आठवूही नये असंही मागता आलं. तशी सोय बाकीच्यांना नाही. मुलगी म्हणून मला ही कथा कधीच नीट पचली नाही. पण दादाच्या बाजूनं ती साक्ष देते हे मान्य करायला हवं: थांबायचं नसेल तर एक घावही पुरतो.

आणि धोक्याचाच हिशोब मांडायचा तर तोही सरळ नाही. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसानं अर्धस्वयंचलित रायफलींनी ३५ जणांना मारलं, त्यानंतर तिथं अशा रायफलींवर कडक बंदी आली. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारली गेली, आणि महिन्याच्या आत संसदेनं ११९ विरुद्ध १ मतानं बंदीचा कायदा केला. पण त्या कायद्यातून दहा गोळ्यांपर्यंतच्या .२२ रिमफायर रायफली वगळल्या होत्या. म्हणजे दादाची पहिली लिंक तिथंही सुटली असती. ती युद्धाची बंदूक नव्हे. तिला राक्षस ठरवून मला वाद जिंकायचा नव्हता.

*

मग माझा आक्षेप उरतो कुठं? तो मला माझ्या स्वतःच्या कामात सापडला.

तीन वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथं ग्राहकांना मेसेज पाठवायची एक स्क्रिप्ट होती. चालवली की ती विचारायची, 'पाठवायचं का? हो/नाही.' दिवसात वीसदा 'हो' दाबून आम्ही कंटाळलो होतो. मी ती पायरी काढून टाकली. सगळ्यांनी आभार मानले. दोन महिन्यांनी मीच चाचणीच्या यादीऐवजी खरी यादी लावली आणि हजारो लोकांना हप्ता थकल्याचा मेसेज गेला. एका आजोबांनी घाबरून दिवसभरात सात वेळा फोन केला. त्यांचा हप्ता थकला नव्हता. मी त्यांच्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं. पहिल्या कॉलमध्ये त्यांचा आवाज चढलेला होता, सातव्यात ते माफी मागत होते.

दुसऱ्या दिवशी मी ती पायरी परत घातली. पण खरं सांगायचं तर जुनी पायरी असती तरी मी 'हो' दाबलंच असतं. वीसदा दाबणारं बोट एकविसाव्यांदा वाचत नाही. नुसता उशीर माणसाला थांबवत नाही. उशिराचीही सवय होते. शेवटी आम्ही जी पायरी ठेवली ती वेगळी होती: मेसेज किती जणांना जाणार तो आकडा यादीत बघून स्वतःच्या हातानं टाइप करायचा. पाचऐवजी पाच हजार टाइप करताना हात आपोआप थबकतो.

एकेरी रायफलचं माझ्या दृष्टीनं मोल हे आहे. ती उशीर करते म्हणून नव्हे. त्या उशिरात हाताला काम देते, आणि ते काम करताना नजर लक्ष्यावरून निघते. छर्रा चिमटीत धरताना तो वाकडा तर नाही ना, हे दिसतं. शेजारच्या लेनमधला पोरगा पुढं वाकलाय हे दिसतं. आपला श्वास चढलाय हे कळतं. शंभर वेळा, हजार वेळा हे केलं की ते अंगात मुरतं. राही सरनोबतसारखी खेळाडू वेगातही सावध असू शकते ती अशाच वर्षांच्या जोरावर, असं मला वाटतं. थांबायचं माणसानंच असतं, दादा बरोबर आहे. पण थांबता येणं उपजत नसतं. ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि माणसाचा पहिला शिक्षक बहुतेकदा त्याच्या हातातलं साधनच असतं. दादाच्या प्रश्नात 'रायफल' या शब्दापेक्षा 'पहिली' हा शब्द महत्त्वाचा होता.

मी त्याला लिहिलं: "दुसरी लिंक. एक वर्ष तरी. नंतर काय हवं ते घे."

*

दादानं पहिलीच घेतली.

दुकानात मुलाच्या हाताला ती बरोबर बसली, म्हणाला. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याबद्दल थोडी लाजही वाटली. सल्ला मागणारा माणूस तुमचा शिष्य होत नाही. मग त्यानं पुढं लिहिलं की रेंजवरच्या प्रशिक्षकानं सुचवल्याप्रमाणं तो मॅगझिनमध्ये एकच गोळी भरतो. एक मारायची, मॅगझिन काढायचं, पुन्हा एक भरायची. नवशिक्यांना तिथं बऱ्याच ठिकाणी असंच शिकवतात म्हणे.

दहा गोळ्यांच्या जागेत एक गोळी. हे किती दिवस टिकेल मला माहीत नाही. कायदा किंवा यंत्र बाहेरून अडवतं तेव्हा ते अडवणं आपल्या मूडवर अवलंबून नसतं. स्वतःहून घातलेला बांध रोज सकाळी पुन्हा घालावा लागतो, आणि एखाद्या शनिवारी कंटाळा येणारच. पण मी सुरुवातीला जो प्रश्न विचारला होता, निवड नसताना चांगुलपणा कुठून आला, त्याची दुसरी बाजूही आहे. दादाकडं निवड आहे. त्यानं भरलेली ती एक गोळी त्याची स्वतःची आहे, जशी आबांची न भरलेली बंदूक त्यांची होती.

माझी एअर रायफल अजून क्लबचीच आहे. स्पर्धेची आयात रायफल दोन लाखांच्या वर जाते, आणि आई फोनवर दर वेळी विचारते, "एवढ्या पैशात काहून पाहिजे तुला बंदूक?" मी अजून तिला नीट उत्तर दिलेलं नाही. आबांची गोष्ट तिला माहीत आहे का, हे विचारायचं धाडस होत नाही.

मागच्या आठवड्यात दादानं एक व्हिडिओ पाठवला. मुलगा टेबलाशी बसलेला, कानांवर मोठे हेडफोनसारखे मफ. एक बार होतो. तो लगेच मागं वळून इंग्रजीत विचारतो, दुसरी कधी? कॅमेऱ्यामागून दादाचा आवाज येतो, मराठीत, जवळजवळ माहूरच्या हेलात:

"आधी बघ, पयली कुठं लागली ते."